ज्ञानेशचा डबा

विजयश्रीने ज्ञानेशच्या नावावर बोट दाबून धरलं. खाली तीन ओळी उघडल्या: मेसेज करा, फोन करा, माहिती पाहा. बाकी कुणाच्याही नावावर असं बोट ठेवलं की चौथी ओळ येते, ‘ग्रुपमधून काढा’. ज्ञानेशच्या नावाला ती येत नव्हती. तिने बोट ओढणीला पुसलं आणि पुन्हा दाबून पाहिलं, बोटाला कणीक लागल्यामुळे घोटाळा झाला असेल म्हणून. पुन्हा त्याच तीन ओळी आल्या.

ग्रुप त्यानेच सुरू केलेला. ज्याने ग्रुप सुरू केला त्याला कुणी काढू शकत नाही, असा नियम आहे म्हणे. नियम करणाऱ्या शहाण्यांच्या डोक्यात माणूस मरतो ही गोष्ट आली नसावी.

हातातच फोन थरथरला. ‘ज्ञानेश’ या नावाखाली मजकूर आला होता. ‘प्रिय मित्र, मी अंजली. घरबसल्या कामाची सोनेरी संधी. आजच जोडा.’ खाली निळ्या अक्षरांची लांबलचक लिंक होती.

“काय म्हनतोय?” दुर्गाबाईंनी तव्यावरची भाकरी उलटत विचारलं.

“तेच,” विजयश्री म्हणाली.

दुर्गाबाईंनी मान हलवली. गावाकडून पोराचा फोन आला, सगळं ठीक आहे, असं कुणी सांगितल्यावर हलवावी तशी. विजयश्रीच्या मानेवर काटा आला. हे रोज व्हायचं आणि रोज काटा यायचाच.

चिखलीतल्या दोन खोल्यांत सासू-सुनेची ही मेस होती. आजूबाजूच्या वर्कशॉपांत आणि चाकणच्या कंपन्यांच्या बसथांब्यांवर डबे जायचे. ज्ञानेशने त्यासाठी ग्रुप सुरू केला तेव्हा नियम एकच ठेवला होता. उद्या ज्याला डबा नको त्याने दिवेलागणीच्या आत ‘नको’ लिहायचं. नाही लिहिलं तर डबा होणार. कंपनीची माणसं आळशी. ‘हवा’ लिहायला सांगितलं असतं तर निम्मी उपाशी राहिली असती. म्हणून इथे गप्प बसणं म्हणजे होकार होता. आणि कुणाचं काम सुटलं, कुणी कायमचं गावाकडे निघालं, तर तो लिहायचा, ‘उद्यापासून नको’. मग दुर्गाबाई त्याच्या डब्याच्या झाकणावरचं नाव थिनरने पुसून टाकायच्या. नावं नेलपॉलिशने लिहिलेली असत, कारण तारेच्या घासणीपुढे दुसरं काही टिकत नाही.

ज्ञानेशने ‘नको’ लिहिलं नव्हतं. उन्हाळ्यात एका दुपारी डबे पोचवून परतताना तळवड्याच्या रस्त्यावर तो गेला. मागून येणाऱ्या कंटेनरवाल्याला तो दिसलाच नाही. दहावं-तेरावं झालं, मेस पुन्हा सुरू झाली आणि पहिल्याच सकाळी विजयश्रीने पाहिलं तर ओळीत त्याचाही डबा भरून ठेवलेला. तिने सासूकडे पाहिलं. त्यानं काय नको म्हटलंय, असं दुर्गाबाई म्हणाल्या आणि पुढच्या डब्यात भाजी वाढू लागल्या. त्या दिवशी वाद घालायचं बळ विजयश्रीत नव्हतं. नंतर घालायचा म्हटलं तर वेळ निघून गेली होती.

डबे पोचवायचं काम आता तिच्याकडे आलं होतं. स्कूटरच्या दोन्ही बाजूंना पिशव्या, आणि पायापाशी ठेवलेल्या तिसऱ्या पिशवीत ज्ञानेशचा डबा. तो कुणाला द्यायचा नव्हता. तसाच परत आणावा तर तीही सोय नव्हती, कारण या घरी भरलेला डबा परत आला की दुर्गाबाई खोदून खोदून चौकशी करत. मीठ जास्त झालं का, भाकरी कडक होती का, माणूस आजारी आहे का. अन्न टाकून देणं तर विजयश्रीच्या हातून होण्यासारखं नव्हतं. म्हणून सगळे डबे पोचले की ती मोशीला इंद्रायणीच्या घाटावर जायची आणि पायरीवर बसून नवऱ्याचा डबा खायची. रिकामा डबा घरी आला की दुर्गाबाई तो हातात घेऊन वजन पाहायच्या. एकदा म्हणाल्या होत्या, “आवडली वाटतं शेपू.”

म्हणजे एका परीने विजयश्रीच त्याला जेवू घालत होती, आणि हे तिला कळत होतं. कळून काय उपयोग? सुरुवातीला तिला सासूची दया आली होती, मग त्या डब्याचा राग येऊ लागला. तो बंद व्हावा एवढंच तिला हवं होतं. घरात बसून, स्वतःच्या ताटात, तव्यावरची गरम भाकरी खावी. त्यासाठी सासूने एकदा कबूल करायला हवं होतं की तो गेला. तेवढंच होत नव्हतं.

दिवाळीनंतर हे नवं सुरू झालं. एका सकाळी ज्ञानेशच्या नावाशेजारचा फोटो बदलला. हेल्मेट काखेत धरून नव्या स्कूटरशेजारी उभा असलेला ज्ञानेश गेला आणि कोट घातलेली, दात दाखवणारी एक मुलगी आली. नाव मात्र ज्याच्या त्याच्या फोनात साठवलेलं, त्यामुळे ते ज्ञानेशच राहिलं. मग जाहिरातींचा पूर आला. घरबसल्या काम, विनातारण कर्ज, वजन कमी करायचा काढा. त्यात लोकांचे ‘नको’ वाहून जाऊ लागले. ज्यांना डबा नको होता त्यांचे डबे फाटकांना लटकू लागले.

साहेबराव सगळ्यांत जुने गिऱ्हाईक. चाकणला गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत सुपरवायझर, आणि बोलणं तोलूनमापून. त्यांनी फोन केला तोही आधी प्रकृती विचारून. मग म्हणाले की पहाटेच्या बसमध्ये जरा डोळा लागतो तोच ज्ञानेश वाजतो, अंगाला घाम फुटतो, बायको तर फोनच बदला म्हणते. शेवटी आवाज आणखी खाली आणून बोलले.

“नवीन ग्रुप काढा वहिनी. नाहीतर आम्हाला दुसरी मेस बघावी लागेल. राग मानू नका.”

राग कशाचा मानायचा? ते खरंच बोलत होते.

वरच्या मजल्यावरची नेहा वाकडला आयटीत होती. रविवारी विजयश्रीने तिला गाठलं. नेहाने आधी तो नंबर लावून पाहिला. आपण डायल केलेला क्रमांक अस्तित्वात नाही, असं बाई तीन भाषांतून सांगत राहिली. मग मेसेज येतात कुठून? नेहाने समजावलं की रिचार्ज केला नाही, नंबर बंद पडला, आणि मधल्यामध्ये कुणीतरी त्याचं खातं बळकावलं. पलीकडे माणूस असेलच असं नाही. यंत्रच पाठवतं, हजारो ग्रुपांवर एकदम.

“माणूस नाही?” विजयश्रीने विचारलं.

“बहुतेक नाही गं ताई. घाबरायचं काही नाही.”

विजयश्रीला उलट त्याचीच जास्त भीती वाटली. चोर असता तर त्याला शिव्या तरी देता आल्या असत्या.

पुढच्या आठवड्यात मजकूर बदलू लागला. ‘प्रिय मित्र, उद्या मेथी. भात कमी, कमाई जास्त. आजच जोडा.’ ग्रुपवर काहीजण हसले, काहींनी हात जोडल्याची चित्रं टाकली, दोघे-तिघे न बोलता ग्रुप सोडून गेले. नेहा म्हणाली, वरचे मेसेज वाचून यंत्र तसंच बोलायला शिकतं, लोकांना खरं वाटावं म्हणून. विजयश्रीने मान डोलावली. तसं असेल. मग एका दुपारी ती शेवटच्या थांब्यावर पिशवी रिकामी करत होती तेव्हा फोन वाजला. ज्ञानेशच्या नावाखाली एकच शब्द होता, ‘पोचलो’.

ज्ञानेश प्रत्येक थांब्यावर पोचला की ग्रुपवर हे लिहायचा. त्याच्यानंतर ते कुणीच लिहिलं नव्हतं. विजयश्री नुसता हॉर्न वाजवायची. तिने रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं. पत्र्याच्या शेडमध्ये कुणीतरी लोखंड कापत होतं, ठिणग्या उडत होत्या, बाकी रस्ता रिकामा होता. संध्याकाळी तिने नेहाला तो शब्द दाखवला. यंत्र जुने मेसेजही चाळत असेल, असं नेहा म्हणाली. या वेळी घाबरायचं काही नाही असं मात्र ती म्हणाली नाही.

दुर्गाबाईंनी तो शब्द बोटाने वाचला. प्रौढ साक्षरतेच्या वर्गात त्या वाचायला शिकल्या होत्या आणि अजून प्रत्येक अक्षराला हात लावल्याशिवाय पुढे जात नसत. वाचून झाल्यावर त्यांनी फोन पदराने पुसला.

त्या संध्याकाळी विजयश्रीने विषय काढला. गिऱ्हाईकं चालली आहेत, साहेबरावांनी स्पष्ट सांगितलंय, नवीन ग्रुप काढू या, असं सगळं ती एका दमात बोलली. दुर्गाबाई शेंगा सोलत होत्या. त्यांचे हात थांबले नाहीत.

“नव्या ग्रुपात ज्ञानेश असंल का?”

“आई, तो नंबर त्याचा राहिलेला नाही.”

“असंल का न्हाई, तेवढं सांग.”

“नाही.”

“मग त्याचा डबा कुनाला इचारून बंद करायचा? त्यानं नको म्हटलं का?”

“आई, तो कसा म्हणेल?”

“बोलतोय की रोज,” दुर्गाबाई म्हणाल्या. “म्हनंल तवा बंद करू. मी काय अडून बसनार न्हाई.”

विजयश्रीला ओरडावंसं वाटलं. कंटेनर, ससूनचा तो पांढरा कागद, मोशीच्या घाटावर सोडलेली राख, सगळं या बाईसमोर पुन्हा मांडावं. पण सासूची बोटं तिला दिसली. शेंगेचं टरफल काढून दाणे एका हातात आणि टरफलं दुसऱ्या हातात, असं करता करता त्या टरफलंच परातीत टाकत होत्या. विजयश्री खाली बसली आणि परातीतली टरफलं निवडू लागली.

दुसऱ्या दिवशी घाटावर ज्ञानेशचा डबा खाऊन झाल्यावर तिने ते केलं. करायच्या आधी तिने इकडे-तिकडे पाहिलंसुद्धा, काही चोरी करत असल्यासारखं. तिने ज्ञानेशच्या नावावर बोट दाबलं आणि तीन ओळींतली पहिली निवडली.

दोघांच्यातलं जुनं सगळं समोर आलं. त्यात प्रेमाबिमाचं काही नव्हतं. गॅस संपत आलाय, पंक्चर काढून निघतो, कांदे महाग आहेत तर अर्धीच पाटी घे. सगळ्यांत शेवटी त्याचं, ‘भात कमी पडला, उद्या जास्त लाव.’ त्यावर तिने काही लिहिलंच नव्हतं. तिने बोटं ओढणीला पुसली. मग लिहू लागली. तुम्ही जे कोणी असाल, असं सुरू केलं. तुमच्याकडे माझ्या नवऱ्याचा नंबर आहे. तो वारला आहे. माझ्या सासूबाई अजून त्याचा डबा करतात, कारण त्याने नको लिहिलेलं नाही. तुम्ही एकदाच ग्रुपवर ‘नको’ लिहा. मग कितीही जाहिराती टाका, आम्ही तक्रार करणार नाही. हात जोडते.

आपण यंत्राला हात जोडतो आहोत हे तिला लिहून झाल्यावर सुचलं. तिने डोळे मिटून मेसेज पाठवला, फोन लगेच पिशवीत कोंबला आणि डबा नदीच्या पाण्याने विसळला.

त्या संध्याकाळी ज्ञानेशच्या नावाने वजन कमी करायचा काढा आला. दुसऱ्या संध्याकाळी काहीच आलं नाही. तिसऱ्या संध्याकाळी दुर्गाबाई नेहमीसारख्या भिंतीला टेकून ‘नको’ मोजायला बसल्या. विजयश्री तांदूळ निवडत होती. बाहेर शेजारच्या वर्कशॉपचं शटर खाली आलं. दुर्गाबाईंचं बोट एका ठिकाणी थांबलं, ओळीच्या सुरुवातीला परत गेलं आणि पुन्हा अक्षरं ओलांडत आलं.

“विजू, हे वाच बरं.”

विजयश्रीने फोन घेतला. ज्ञानेश, आणि त्याखाली, ‘उद्यापासून नको’. लिंक नव्हती, प्रिय मित्र नव्हता, अंजली नव्हती.

तिने ते मोठ्याने वाचलं. वाचताना तिचा आवाज चिरकला, आणि दुर्गाबाईंनी तो ऐकलाच नाही असं दाखवलं. त्या उठल्या. फळीवरून त्यांनी ज्ञानेशचा डबा काढला, थिनरची बाटली आणि कापडाची चिंधी घेतली, आणि दारातल्या उजेडात बसून झाकण पुसू लागल्या. नेलपॉलिश जुनं होतं, निघायला वेळ लागला. पुसता पुसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते त्या खांद्याने टिपत होत्या, कारण दोन्ही हात थिनरचे होते. एवढ्या महिन्यांत विजयश्रीने त्यांना रडताना पहिल्यांदा पाहिलं. ती जवळ जाऊन बसली.

झाकण कोरं झाल्यावर दुर्गाबाई बोलल्या.

“तू काई बोललीस का त्याच्याशी?”

“नाही,” विजयश्री म्हणाली.

“खरं?”

“खरंच नाही, आई.”

असं खोटं बोललं तर पाप लागत नाही, असं तिने मनाशी म्हटलं. दुर्गाबाई तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “मग त्यानं आपलं आपनच ठरवलं. बरं झालं.” आणि झाकण वाऱ्याला ठेवायला सांगून त्या भाकरीला बसल्या.

रात्री दोघी एकत्र जेवल्या. तव्यावरची भाकरी, गरम. विजयश्रीला ती गोड लागली आणि त्याची लाजही वाटली नाही.

सकाळी तिने नवीन ग्रुप सुरू केला. सगळ्यांना त्यात घेतलं. साहेबरावांनी पहिला नमस्कार टाकला, गेलेले दोघे-तिघेही परत आले. जुन्या ग्रुपमधून एकेकजण बाहेर पडत गेला. दुर्गाबाईंना कुठे दाबायचं ते दाखवावं लागलं. त्यांनी दाबलं आणि फोन देवापुढे ठेवून दिला, का ते त्यांनाच ठाऊक. आता जुन्या ग्रुपमध्ये विजयश्री राहिली आणि तो नंबर. आपणही निघावं म्हणून तिने फोन हातात घेतला, पण डबे भरायची वेळ झाली होती.

दुपारी शेवटचा थांबा झाला. स्कूटर सवयीने मोशीकडे वळली आणि घाटावर येऊन थांबल्यावर तिच्या लक्षात आलं की पायापाशी पिशवी नाही. खायला काही नव्हतं. मग इथे यायचं काय कारण? तरी ती पायरीवर बसली. पलीकडच्या काठावर नव्या इमारतींचे सांगाडे उभे होते आणि त्यांच्या हिरव्या जाळ्या वाऱ्याने हलत होत्या.

पलीकडे जे कोण असेल त्याला धन्यवाद तरी द्यावेत, असं तिच्या मनात आलं. माणूस असला तर त्याने खरंच उपकार केले होते. यंत्र असलं तरी काय बिघडतं? तिने ज्ञानेशचं नाव काढलं. ‘भात कमी पडला, उद्या जास्त लाव’ आणि त्याखाली तिची लांबलचक विनवणी.

विनवणीच्या शेवटी एकच टिक होती.

तिने वर सरकवून पाहिलं. गॅसचं, पंक्चरचं, कांद्यांचं, तिच्या प्रत्येक जुन्या मेसेजला दोन टिका होत्या. दोन म्हणजे पोचला. एक म्हणजे इथून सुटला, पण समोरच्याला मिळालेला नाही. तिने नेट बंद करून चालू केलं. फोन बंद करून चालू केला. टिक एकच राहिली. विनवणी कुणाकडेच गेली नव्हती.

आणि तिने तर नुसतं ‘नको’ लिहायला सांगितलं होतं. नुसत्या ‘नको’ने एका दिवसाचा डबा बंद होतो. हे लिहिताना तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

नेहाला विचारलं असतं तर नेहाकडे याचंही काहीतरी उत्तर असतं. समोरच्याने तुझा नंबर अडवला असेल, ग्रुपवरचे जुने शब्द यंत्राने उचलले असतील. विजयश्रीने दिवसभर नेहाला फोन केला नाही. संध्याकाळी जिन्यात भेट झाली तेव्हाही तिने फक्त नवीन ग्रुप छान चाललाय एवढंच सांगितलं.

घरात दुर्गाबाई काटवटीत पीठ मळत होत्या. नवीन ग्रुपवर ‘नको’ येऊ लागले होते, एकाखाली एक, मध्ये काही नाही. त्यांनी समाधानाने फोन बाजूला सरकवला.

“निघालीस का जुन्यातून?”

“हो,” विजयश्री म्हणाली.

ती मोरीपाशी जाऊन कांदे चिरायला बसली. आधी तिने हात धुतले, कोरडे केले, फोन घेतला. सकाळी नवीन ग्रुप काढताना तिने जुन्या ग्रुपचा आवाज बंद करून ठेवला होता, तो पुन्हा चालू केला. मग फोन विळीशेजारी, दिसेल असा उताणा ठेवला आणि पहिला कांदा हातात घेतला.